साडेचार पौंडांची इस्त्री

“कोळशाची नाही, विजेची,” मी म्हणालो.

माझ्या मेव्हण्यानं गडहिंग्लजहून मिरजेपर्यंत एस.टी.त मांडीवर घेऊन आणलेली इस्त्री आमच्या टीपॉयवर बसली होती. पितळेची, पुढे झाकणाच्या कडीवर कोंबडा, आत कुणाच्या तरी आजोबांच्या काळातली राख. त्यातली निम्मी राख टीपॉयवर सांडली होती.

“पण जुनी आहे ना, दाजी?”

“जुनी आहे. पण कोळशाची आहे. मी विजेच्या जमवतो. फक्त विजेच्या.”

“इस्त्री ती इस्त्री.”

हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. सिटी सर्व्हे ऑफिसात मी हेडक्लार्क होतो. ऑफिसात, गल्लीत, नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होतं की हेर्लेकरांना जुन्या इस्त्र्यांचा नाद आहे. कुठल्या इस्त्र्यांचा, एवढं मात्र एकालाही लक्षात ठेवता येत नव्हतं. त्या वर्षात आलेली ही सातवी कोळशाची. मी साती परत केल्या. माणसं रागावली तरी केल्या.

“ठेवून घ्या की एखादी,” माझी बायको कुमुद म्हणाली. “एवढ्या लांबून हौसेनं आणलीय त्यानं.”

“आज ही ठेवली तर उद्या पाटा-वरवंटा आणतील.”

मेव्हणा चहा न संपवताच उठला आणि इस्त्री पुन्हा पिशवीत घालायला लागला. मागच्या दारात हौसा भांड्यांची पाटी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“साहेब, विजेची पायजे व्हय? मगदुमांच्या अक्काताईंच्या खोलीत हाय की एक. तिच्या वायरीला आपली पिन न्हाई. बिलब लावायच्या जाग्यात घालायचं हाय कायतरी.”

मी उभाच राहिलो. घरात भिंतीला प्लग नसायचे त्या काळात लोक बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये इस्त्रीची वायर अडकवायचे. तशा वायरीसकट असलेली इस्त्री मी अकरा वर्षं शोधत होतो.

हौसा तेव्हा पंचेचाळिशीची असेल. सकाळी आमचं घर आणि मागच्या गल्लीतली पाच घरं अशी धुण्याभांड्याची कामं करून ती दुपारी मगदुमांकडे जायची आणि संध्याकाळपर्यंत अक्काताईंचं सगळं करायची. अक्काताईंना दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. डावा हात तेवढा चालायचा.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मगदुमांकडे गेलो. अक्काताईंची सून त्रिशलाबाई खोली रिकामी करत होती, दवाखान्यासारखी उंच कॉट आणायची होती म्हणून. तिनं मला स्वयंपाकघरातच बसवलं. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं आणि त्याच्या झाकणावर मांजरानं पाडू नये म्हणून एक काळा लोखंडी ठोकळा ठेवला होता. एका बाजूला टोक असलेला, होडीसारखा. मी तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. ही गोष्ट मला अजून छळते.

हौसानं इस्त्री आणून समोर ठेवली. पेंबर्ली कंपनीची. बर्मिंगहॅमची. काळी लाकडी मूठ, मागे चिनी मातीची बैठक, वायरीवर विणलेलं तपकिरी सूत, टोकाला पितळेची होल्डरची पिन. झाकणाच्या दोन्ही स्क्रूंवर कारखान्याचा लाल शिक्का जसाच्या तसा.

“सासरे संस्थानच्या पॉवरहाऊसमध्ये वायरमन होते,” त्रिशलाबाई म्हणाली. “त्यांची आहे ही. आता कोण वापरतंय? मला एखादी नवी ऑटोमॅटिक आणून द्या बघा, आणि न्या ही. पण ह्यांना कळता कामा नये. वडिलांची वस्तू म्हणून ह्यांचा भारी जीव आहे तिच्यावर. भंगारात गेली म्हणून सांगेन मी.”

“माझ्या तोंडून शब्द जाणार नाही,” मी म्हणालो.

जाताना अक्काताईंना नमस्कार करावा म्हणून खोलीत डोकावलो. त्यांनी हौसाच्या हातातली इस्त्री पाहिली आणि डावा हात चादरीवरून जोरजोरात पुढे-मागे फिरवायला लागल्या. घशातून घोगरा आवाज येत होता.

“ते तसंच चालू असतं,” त्रिशलाबाई म्हणाली. “जन्मभर चुणी खपली नाही त्यांना. आता दिवसभर चादर सारखी करत असतात.”

त्या चादर सारखी करत नव्हत्या, हे मला त्या क्षणीही कळत होतं. इस्त्री नेऊ नका, असंच त्या सांगत असणार. मी नमस्कार उरकला आणि बाहेर पडलो.

शेजारपाजाऱ्यांनी पाहायला नको म्हणून मी पुढे जाऊन पिठाच्या गिरणीपाशी स्कूटर लावून थांबलो. पाच मिनिटांनी हौसा आली. इस्त्री तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून पदराखाली धरली होती.

“साहेब, हिच्यात कायतर वाजतंय.”

मी बोचकं कानाशी नेऊन हलवलं. आतून बारीक खुळखुळ ऐकू आली.

“वाजणारच. आत अभ्रकाचे पत्रे असतात. एखादा सुटला असेल.”

“उघडून बगा की.”

“हौसा, ह्या इस्त्रीचा स्क्रू साठ-पासष्ट वर्षांत कुणी फिरवलेला नाही. तिची सगळी किंमत त्यातच आहे. तुला नाही कळायचं ते.”

“बरं,” हौसा म्हणाली आणि कामाला परत गेली.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, एवढा आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातल्या काट्यावर इस्त्रीचं वजन करून आणलं. माझ्याकडे पेंबर्लीच्या जुन्या कॅटलॉगची झेरॉक्स होती, तिच्यात वजन सहा पौंड दिलं होतं. माझी इस्त्री भरली दोन किलो चाळीस ग्रॅम. म्हणजे साडेचार पौंड. मी तीन वेळा वजन केलं. दुकानदार वैतागला.

मी पुण्याच्या लेल्यांना फोन केला. लेले आमच्या नादातले सगळ्यांत जाणते गृहस्थ.

“दीड पौंड कमी?” ते म्हणाले. “हेर्लेकर, मग ही प्रवासाची हलकी आवृत्ती दिसते. मी फक्त ऐकून आहे. शिक्का शाबूत आहे?”

“दोन्ही.”

“मग स्क्रूला हात लावू नका. पुढच्या रविवारी मी स्वतः येतो.”

कुमुदनं हे सगळं ऐकलं आणि विचारलं, “चालते का पण?”

“चालवून बघायची नसते.”

“मग इस्त्री कसली ती?” ती म्हणाली आणि माझ्या शर्टाला पाणी मारायला लागली. आमचे कपडे ती बाजारातून आणलेल्या साध्या इस्त्रीनं करायची. माझ्या कपाटातल्या त्रेचाळीसांपैकी एकीलाही वीज दाखवायची नाही, हा माझा नियम होता.

आठवड्याभरानं, सकाळी मी चहा घेत असताना हौसा आली. नेहमीसारखी मागच्या दारानं आली नाही. पुढच्या दारातून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“साहेब, अक्काताईंची बोरमाळ गावत न्हाई.”

“कुठली बोरमाळ?”

“सोन्याची. नातीच्या लग्नात घालायची म्हणून कपाट उघडलं तर डबा रिकामा. माज्यावर आलंय सगळं. म्होरल्या घरातल्या पोतदारकाकूंनी खिडकीतनं बगितलं म्हणं, त्या दिवशी हौसा पदराखाली बोचकं घिऊन भायेर पडली.”



“मग? त्रिशलाबाईंनी सांगितलं नाही त्यात काय होतं ते?”

“त्या खाली बगत्यात. नवरा, सुकुमारदादा, म्होरं हुबा असला की त्यास्नी बोलणं फुटत न्हाई.” हौसानं पदर घट्ट धरला होता. “तुमी एकदा येऊन सांगा. बोचक्यात इस्त्री हुती म्हणून. बास. दुसरं काय नको मला.”

मी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“हे बघ हौसा, त्यांच्या घरातला मामला आहे. सापडेल माळ चार दिवसांत. म्हातारीनंच कुठंतरी ठेवली असेल.”

“तवर माजं काय? सुकुमारदादा पोलिसात देतो म्हणत्यात. गल्लीतली तीन घरं काल सुटली. उद्या बाकीची सुटतील.”

“मी त्रिशलाबाईंना शब्द दिलाय.”

शब्दाचं मला काडीचंही पडलं नव्हतं. मी तोंड उघडलं की सुकुमार मगदूम इस्त्री परत मागणार, एवढंच मला दिसत होतं. आणि रविवारी लेले यायचे होते.

हौसानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

“वैनी,” ती आत कुमुदला उद्देशून म्हणाली, “उद्यापासनं मी येणार न्हाई. ज्या घरात माज्यासाठनं एक शब्द निघत न्हाई तितली भांडी घासायची न्हाईत मला.”

ती गेल्यावर कुमुद स्वयंपाकघरातून बाहेर आली. टेबलावर घडी करायला ठेवलेले माझे शर्ट उचलले आणि चुरगळून खुर्चीवर टाकले.

“आजपासून तुमचे तुम्ही करा. घरात इस्त्र्यांना तोटा नाही.”

“तूसुद्धा? अगं, चोरी मी केलीय का?”

“तुम्हाला माहितीय हौसानं केली नाही. मला एवढं पुरे.”

पुढचे चार दिवस मी चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला गेलो. साध्या इस्त्रीला हात लावायचा नाही, असं मीही हट्टानं ठरवलं होतं. चुकलं असलं तरी वाकायचं नाही, हा आमच्या घराण्याचा स्वभाव, आणि त्याचा मला त्या दिवसांत भलताच वैताग आला होता. ऑफिसात सगळे टपलेलेच होते.

“हेर्लेकरसाहेब, घरात वीज नाही का?”

“वीज असेल, इस्त्री नसेल!”

यावर सगळं ऑफिस हसलं. घरी कुमुद भांडी आपटून घासायची आणि माझ्याशी फक्त जेवण वाढताना बोलायची, तेही “भात?” एवढंच. शुक्रवारी तिनं भाताबरोबर आणखी एक वाक्य वाढलं.

“त्या म्हातारीला निदान बघून तरी या. तिच्या डोळ्यांदेखत तिची वस्तू उचलून आणलीत.”

शनिवारी दुपारी मी गेलो. खरं सांगायचं तर कुमुदनं पुन्हा तोंड उघडू नये म्हणून गेलो. त्रिशलाबाईनं मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

“इस्त्रीचं काही बोलू नका हं,” ती हळूच म्हणाली. “हे आतच आहेत. आणि हौसाचं मला फार वाईट वाटतं हो. पण आता कुठल्या तोंडानं सांगू?”

“मी नुसता बघायला आलोय,” मी म्हणालो. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी होतो आणि मला तिचा राग येत होता.

चहा ठेवायला ती ओट्याकडे वळली. दुधाच्या पातेल्यावरचा लोखंडी ठोकळा तिनं दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. चांगलाच जड होता.

मी अक्काताईंच्या खोलीत गेलो. हौसा नव्हती, त्याचा परिणाम दिसत होता. पाणी पिताना सांडलेलं तसंच होतं. केस विंचरलेले नव्हते. मला पाहताच अक्काताईंनी डावा हात चादरीवर पुढे-मागे फिरवायला सुरुवात केली.

“हो अक्काताई, तुमची इस्त्री माझ्याकडे आहे. सुरक्षित आहे. काचेच्या कपाटात ठेवलीय.”

त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही. मग त्यांनी माझं मनगट पकडलं. एवढ्या अशक्त बाईच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. माझा हात त्यांनी चादरीवर पुढे-मागे ओढला, दोनदा, तीनदा. मग मनगट सोडलं, स्वतःची मूठ वळली, कानाशी नेली आणि हलवली.

मी बघत राहिलो.

त्यांनी पुन्हा तसंच केलं. चादरीवर हात. मग कानाशी मूठ. मग हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या माझ्यावर चिडल्या होत्या, हे स्पष्ट दिसत होतं. दहा-बारा दिवस त्या एकेकाला हेच सांगत असणार, आणि जो तो त्यांची चादर नीट करून जात असणार.

इस्त्री हलवली की वाजते, हे त्या घरातल्या बाकी कुणालाही माहीत नव्हतं. ते अक्काताईंना माहीत होतं, हौसाला माहीत होतं, आणि मला.

मी चहा न घेता निघालो. जाताना ओट्याशी थांबलो. तो ठोकळा अगदी जवळून पाहिला. एका टोकाला निमुळता, मागे सरळ, मधे बोल्टासाठी दोन भोकं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“कुणास ठाऊक. अक्काताईंनीच कधीतरी आणून ठेवलं इथं. म्हणाल्या, मांजर पाडणार नाही.”

घरी येऊन मी कपाट उघडलं, पेंबर्ली टीपॉयवर ठेवली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला. कुमुद दारात येऊन उभी राहिली.

“हे काय चाललंय?”

“उघडतोय.”

“आणि तुमचे लेले?”

स्क्रूवरचा लाल शिक्का आधी खरवडायला हवा होता. नुसतं नख लागताच त्याचा पापुद्रा निघाला. कुमुदनं तो बोटावर घेतला, उजेडाशी धरला आणि म्हणाली, “अहो, हे नेलपॉलिश आहे.”

“काय?”

“नेलपॉलिश. अक्काताईंची नात लावते हाच रंग. कारखान्याचा शिक्का म्हणून दहा-बारा दिवस ह्याची पूजा करत होतात?”

मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. स्क्रू अलगद फिरले. झाकण उचललं. खालच्या पत्र्यावर जिथं जड लोखंडी वजन बसायला हवं होतं, तिथं दोन बोल्ट नुसते उभे होते. वजन मगदुमांच्या दुधाच्या पातेल्यावर होतं. एवढ्या इस्त्र्या जमवून मी एकदाही एकीच्या पोटात पाहिलं नव्हतं, म्हणून समोर असूनही ओळखलं नव्हतं. त्या रिकाम्या जागेत पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी कोंबलेली होती. फडक्याचं एक टोक सुटलं होतं आणि त्यातून बाहेर आलेले सोन्याचे तीन-चार मणी हलवलं की पत्र्यावर आपटत होते.

कुमुदनं पुरचुंडी सोडली. बोरमाळ बाहेर आली.

म्हातारी वायरमनची बायको होती. स्क्रू काढता-घालता येत होते तिला. मुलाच्या डोळ्यांआड स्वतःचं काहीतरी राहावं म्हणून तिनं ती तिथं ठेवली असेल, जिथं घरातलं कुणी कधी हात घालणार नव्हतं. खुळखुळ हौसाला ऐकू आली, वजन कमी भरल्याचं मला काट्यावर दिसलं, शिक्का नखानं निघाला असता. मी मात्र अभ्रकाचे पत्रे आणि हलकी आवृत्ती म्हणत बसलो होतो.

“म्हणजे त्या दिवशी माळ हौसाच नेत होती,” कुमुद म्हणाली. “आणि घेणारे तुम्ही.”

“हो.”

“मग आता?”

“आता शर्टाला इस्त्री कर,” मी म्हणालो. “मला सकाळी बाहेर जायचंय.”

“असेच जा,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी लेल्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आणि हौसाच्या घरी गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, माळ दाखवली. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

“म्हंजे माज्याच हातानं,” ती म्हणाली. मग तांदूळ बाजूला सारले. “चला.”

“चल मगदुमांकडे.”

“थांबा. तिकडं सगळ्यात शेवटी. आदी ती माळ हुती तशी आत घाला. स्क्रू लावा.”

“कशाला?”

“ज्या घरांनी मला काडलं, त्या परत्येक घरात मी तुमास्नी नेणार हाय. दारात हुबं राहायचं, इस्त्री हलवून दाखवायची, मग उघडायची. आनी तुमी सांगायचं की तुमाला ठावं हुतं आनी तुमी गप बसला.”

“हौसा, एवढं कशाला? सुकुमाररावांना सांगितलं की गल्लीभर होईल.”

“चोरी गल्लीभर व्हायला एक दिस लागला. ही बी तुमीच करा.”

मी माळ आत घातली, स्क्रू लावले. मागच्या गल्लीतली तोवर सुटलेली चार घरं आम्ही केली. हौसा कडी वाजवायची आणि बाजूला उभी राहायची. मी चुरगळलेल्या शर्टात, हातात इस्त्री घेऊन, एखाद्या भांडीवाल्या फेरीवाल्यासारखा उभा. “नमस्कार, मी हेर्लेकर. ही जरा ऐका.” खुळखुळ. मग तिथंच पायरीवर बसून स्क्रू काढायचे. मग माळ दाखवायची. मग म्हणायचं, “बोचक्यात ही इस्त्री होती. मला माहीत होतं. मी बोललो नाही.” पहिल्या घरात माझी जीभ अडखळली. दुसऱ्या घरातल्या बाईनं विचारलं, “का नाही बोललात?” मी हौसाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

“इस्त्री परत द्यावी लागली असती,” मी म्हणालो.

“एवढ्यासाठी?” ती बाई म्हणाली. चौथ्या घरापर्यंत मला घाम फुटला होता आणि वाक्य पाठ झालं होतं.

मगदुमांकडे सुकुमारराव स्वतःच दारात आले. मी इस्त्री हलवली, उघडली, सांगितलं. त्यांनी माळ हातात घेतली आणि बायकोकडे वळले.

“बोचक्यात इस्त्री होती, तर तू का बोलली नाहीस?”

त्रिशलाबाई खाली बघत राहिली.

“त्या एकट्या गप्प नव्हत्या,” मी म्हणालो. “आम्ही दोघंही होतो.”

सुकुमारराव हौसाला काहीतरी म्हणायला गेले. तिनं ऐकून घेतलं नाही. ती सरळ अक्काताईंच्या खोलीत गेली, टेबलावरची फणी घेतली आणि त्यांचे केस विंचरायला लागली. मी माळ अक्काताईंच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती उशीखाली सरकवली आणि हात पुन्हा पुढे केला. तळहात वर करून.

मी पेंबर्लीकडे पाहिलं. झाकण उघडं होतं, शिक्का गेला होता, तरीही अकरा वर्षं शोधलेली होती.

“वडिलांची आहे, पण असू दे आता तुमच्याकडेच,” सुकुमारराव म्हणाले. “तुमच्यामुळे माळ सापडली.”

अक्काताईंचा हात तसाच पुढे होता. मी इस्त्री त्यांच्या कुशीशी ठेवली. त्यांनी तिच्या लाकडी मुठीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

आम्ही बाहेर पडलो तर समोरच्या खिडकीतून पोतदारकाकू हाका मारत होत्या. सगळा प्रकार त्यांनी पाहिलाच होता.

“हेर्लेकर, या, या. अगं हौसा, मी काय खोटं बोलले का? बोचकं दिसलं तेवढंच सांगितलं. उद्यापासून आमच्याकडेही ये हो कामाला.”

हौसानं तोंड फिरवलं. पोतदारकाकूंना ते सोसवेना. त्या घाईघाईनं आत गेल्या आणि माळ्यावरून काहीतरी काढून घेऊन आल्या.

“तुम्ही जुन्या इस्त्र्या गोळा करता म्हणे. आमच्याकडे पडलीय एक. न्या, खरंच न्या.”

पितळेची होती. पुढे कोंबडा. झाकण उचलल्यावर राख दिसली.

माझ्या ओठांवर ते वाक्य आलंच होतं. हौसा शेजारी उभी राहून माझं तोंड बघत होती.

“छान आहे,” मी म्हणालो. “घेतो.”

“कोळशाची हाय, साहेब,” हौसा म्हणाली.

“माहितीय.”

पोतदारकाकूंना हायसं वाटलं. त्यांनी इस्त्री एका जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली, गाठ मारली आणि सवयीनं हौसापुढे केली. हौसानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“तुमीच धरा, साहेब,” ती म्हणाली. “बोचकं घिऊन आता मी कुणाच्याच दारातनं भायेर पडणार न्हाई.”